फोन बाख धरणाचा हिशेब : विंडहुकनं दुष्काळात पाणी कसं पुरवलं

हे प्रकरण नामिबियाच्या राजधानीचं, विंडहुकचं आहे. काळ मुख्यतः २०१४ ते २०१७. जागा, वर्षं आणि आकडे खरे आहेत. त्या काळात खुर्चीवर असलेल्या अधिकाऱ्यांची आणि पुढाऱ्यांची नावं मात्र मुद्दाम घेतलेली नाहीत. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी समोरचे प्रश्न तेच राहिले असते, आणि आपल्याला बघायचेत ते प्रश्नच.

धरण भरलं की आपण सुटकेचा श्वास टाकतो. पेपरात सांडव्याचा फोटो येतो, ओटी भरली जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विषय मागे पडतो. फोन बाखची गोष्ट वाचल्यावर माझी ही सवय मोडली. धरण भरलेलं असतं त्या वर्षी घेतलेले आणि न घेतलेले निर्णयच चार वर्षांनी शहराच्या नळाला लागतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

पार्श्वभूमी

नामिबियात बारमाही नद्या आहेत, पण सगळ्या सीमेवर. दक्षिणेला ऑरेंज, उत्तरेला कुनेने, ओकावांगो आणि झांबेझी. देशाच्या आत एकही नदी वर्षभर वाहत नाही. विंडहुक बरोबर मधल्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेसोळाशे मीटर उंचीवर वसलंय. ओकावांगो इथून सुमारे ७०० किलोमीटर, समुद्र तीनशेहून जास्त किलोमीटर आणि तोही पठाराच्या पायथ्याशी.

मग शहर इथं वसलंच का? गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. हेरेरो भाषेत या जागेचं नाव ओत्जोमुइसे, म्हणजे वाफेची जागा. विहिरी आणि बोअर वाढत गेले तसे ते झरे आटले. शहर ज्या पाण्यामुळे जन्माला आलं तेच पाणी त्यानं आधी संपवलं.

वर्षाचा पाऊस सरासरी ३६० मिलिमीटर, म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीच्या जेमतेम निम्मा. तोही ऑक्टोबर ते एप्रिलमधे, आणि खरा जोर जानेवारी ते मार्च. या भागातली स्वाकोप नदी ही एरवी वाळूचा रुंद पट्टा असते. वर्षातले मोजके दिवस ती वाहते, तेव्हा लाल गढूळ लोंढा येतो आणि काही दिवसांत पुन्हा वाळू. धरणात जे काही यायचं ते या मोजक्या दिवसांत.

मध्य नामिबियाची भिस्त तीन धरणांवर आहे. ओकाहांजा गावाजवळ स्वाकोपवर १९७० मधे फोन बाख धरण झालं, साठवण सुमारे ४८.५ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्याच नदीवर खालच्या अंगाला १९७० च्याच दशकात स्वाकोपपोर्ट झालं, सुमारे ६३.५ दलघमी. तिसरं ओमाटाको, दूर उत्तरेला वेगळ्या नदीवर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, सुमारे ४३.५ दलघमी. तिन्हींची बेरीज १५५ दलघमीच्या आसपास, आपल्या हिशेबात साडेपाच टीएमसी (अब्ज घनफूट). पुण्याच्या एकट्या पानशेतच्या जवळपास निम्मी. धरणांतलं पाणी नामवॉटर ही १९९७ मधे कायद्यानं स्थापन झालेली सरकारी कंपनी सांभाळते. शहरात ते वाटण्याचं काम नगरपालिकेकडे. शुद्धीकरण फोन बाखपाशीच होतं आणि तिथून पाणी सुमारे ७० किलोमीटर लांब, तीनेकशे मीटर चढवून शहरात आणलं जातं.

प्रश्न नेमका काय होता

कागदावर बघा. विंडहुकची गरज २०१५ च्या सुमारास वर्षाला २५ दलघमीच्या आसपास होती. साठवण १५५. म्हणजे सहा वर्षांची बेगमी! प्रत्यक्षात या तीन धरणांमधून खात्रीनं धरता येणारं पाणी वर्षाला सुमारे २० दलघमी एवढंच. बाकीचं जातं कुठं?

वर. उघड्या पाण्यावरून इथं वर्षाला दोन मीटरहून जास्त थर उडून जातो. पूर्ण भरल्यावर ओमाटाकोचा फुगवटा सुमारे साडेबारा चौरस किलोमीटर पसरतो, म्हणजे सरासरी खोली फक्त साडेतीन मीटर. त्यातले दोन मीटर सूर्य नेतो. स्वाकोपपोर्ट आठ चौरस किलोमीटरच्या आत, खोली सरासरी आठ मीटर. फोन बाख मात्र दरीत आहे, पसारा पाच चौरस किलोमीटरच्या आतला आणि सरासरी खोली दहा मीटर. तेवढंच पाणी फोन बाखमधे ठेवलं तर ते जास्त दिवस टिकतं. (आपला नाथसागर डोळ्यासमोर आणा. साडेतीनशे चौरस किलोमीटरचा पसारा आणि सरासरी खोली आठेक मीटर. जायकवाडीच्या बाष्पीभवनावर दर उन्हाळ्यात होणारी चर्चा आठवली की हा प्रश्न परका राहत नाही.)

म्हणून इथं एक उलटी वाटणारी पद्धत रूढ झाली. पावसाळ्यात ओमाटाको आणि स्वाकोपपोर्टमधे पाणी आलं रे आलं की ते उपसायचं आणि नळानं फोन बाखमधे आणून टाकायचं. दोन धरणं होता होईल तो रिकामी ठेवायची आणि एक भरलेलं. विजेचं बिल वाढतं, पण पाणी वाचतं. यातही पेच आहेच. उपसलेल्या पाण्यानं फोन बाख आधीच भरून ठेवलं आणि मग त्याच्याच पाणलोटात जोराचा पाऊस झाला, तर ते सांडव्यावरून वाहतं आणि खाली स्वाकोपपोर्टमधेच जातं, जिथून ते पैसे खर्चून वर आणलं होतं. म्हणजे किती जागा मोकळी ठेवायची याचा अंदाज दर वर्षी नव्यानं बांधायचा.

२०१०-११ चा पावसाळा दणदणीत झाला. त्यानंतर मात्र साखळी तुटत गेली. २०१३ मधे देशात दुष्काळी आणीबाणी जाहीर झाली. मग २०१४-१५ चा पावसाळा वाईट गेला आणि २०१५-१६ ला एल निनोनं आफ्रिका खंडाचा सगळा दक्षिण भागच होरपळून काढला. हाच तो एल निनो, ज्याच्या मागोमाग एप्रिल २०१६ मधे मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे न्यावी लागली. ओमाटाको जवळजवळ कोरडं पडलं. स्वाकोपपोर्टमधे पाणी होतं, पण त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याकडे पुढे येतो. आणि फोन बाखमधला साठा असा खाली जात होता की पुढचाही पावसाळा हुकला तर शहराला धरणातून काहीच मिळणार नाही, हे नियोजन करणाऱ्यांना दिसू लागलं होतं. तेव्हा विंडहुकची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या वर गेलेली होती. २०११ च्या जनगणनेतला आकडा ३,२५,८५८ आहे, आणि गावाकडून येणारा लोंढा त्यानंतर वाढतच गेला.

हाताशी काय होतं, आणि ते कुठून आलं

पर्याय मोजण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. २०१५ साली विंडहुकच्या हातात अशी दोन साधनं होती जी इतर बहुतेक शहरांकडे नसतात. दोन्ही आधीच्या दुष्काळांनी दिलेली.

पहिलं साधन गोरेआंगाब. शहराच्या कडेला १९५८ मधे एक छोटं धरण बांधलं होतं. त्याचं पाणी लवकरच अपुरं पडू लागलं, तेव्हा १९६८ मधे तिथल्या शुद्धीकरण केंद्रात शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी घेऊन ते थेट पिण्यायोग्य करून नळाला सोडायला सुरुवात झाली. असं करणारं हे जगातलं पहिलं शहर. २००२ मधे शेजारी नवं केंद्र उभं राहिलं, रोज २ कोटी १० लाख लिटर क्षमतेचं. ते चालवणाऱ्या कंपन्यांच्या गटात वाबागही होती, जिचं मुख्यालय आज चेन्नईत आहे.

या केंद्रात पाणी कसं तयार होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. आधी शहराची गटारं वेगळी केलेली आहेत: घरांचं सांडपाणी एका बाजूला, कारखान्यांचं दुसऱ्या बाजूला. पिण्यासाठी फक्त घरांचं घेतात, कारण जंतू मारता येतात पण कारखान्यातून कोणत्या दिवशी काय येईल याचा भरवसा नसतो. घरांच्या पाण्यावर आधी नेहमीची मैलापाणी प्रक्रिया होते. मग गोरेआंगाबला ओझोन, फेरिक क्लोराइड घालून गाळ बांधणं, हवेच्या बारीक बुडबुड्यांनी तो वर तरंगवून काढणं, वाळूचे थर, पुन्हा ओझोन, दोन प्रकारच्या सक्रिय कोळशाचे थर, अतिसूक्ष्म पडदे, आणि शेवटी क्लोरीन. एक पायरी चुकली तरी पुढची सावरून घेईल अशी रचना. गुणवत्ता बसली नाही तर ते पाणी शहराकडे जातच नाही. हे पाणी धरणाच्या आणि बोअरच्या पाण्यात मिसळून देतात आणि त्याचा वाटा ३५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. पन्नासहून जास्त वर्षांत या पाण्यामुळे साथ आल्याची नोंद नाही. या कामाच्या सुरुवातीशी जोडलेले दक्षिण आफ्रिकेचे संशोधक लुकास व्हॅन व्यूरेन म्हणत, पाण्याची पारख त्याच्या इतिहासावरून करू नये, गुणवत्तेवरून करावी.

हे वाक्य मला आवडतं, पण एक गोष्ट नोंदवायलाच हवी. १९६८ मधे इथं दक्षिण आफ्रिकेची वर्णभेदी राजवट होती. शहरातल्या बहुसंख्य माणसांना विचारण्याचा प्रश्नच कुणाला पडला नाही. आज जी सहज स्वीकृती दिसते ती पुढच्या काही दशकांत, रोजच्या तपासण्या आणि निर्धोक पाण्यानं कमावलेली आहे. दुसऱ्या कुठल्या नगरपालिकेला हा प्रयोग उचलायचा तर यंत्रं विकत मिळतील, हा विश्वास मिळणार नाही.

दुसरं साधन पायाखाली. शहराच्या दक्षिणेला गारगोटी खडकाचे भेगाळलेले थर आहेत, त्यात भूजल आहे. निसर्ग या साठ्यात वर्षाला दोन दलघमीच्या आतच भर घालतो आणि शहरानं गेल्या शतकात त्याहून कितीतरी जास्त उपसलं होतं. १९९६-९७ च्या दुष्काळात या रिकाम्या झालेल्या जागेकडे नव्या नजरेनं बघितलं गेलं: धरणात पाणी जास्त असेल तेव्हा ते शुद्ध करून बोअरमधून खाली सोडायचं, तिथं ऊन पोचत नाही, लागेल तेव्हा परत काढायचं. चाचण्या झाल्या, २००० च्या दशकाच्या मध्यापासून प्रत्यक्ष भरणा सुरू झाला. सुकाळाच्या त्या वर्षांत हा साठा बराच वर आला. जाणकारांच्या अंदाजानं ही भूमिगत जागा फोन बाखपेक्षा मोठी आहे.

पण मेख इथंच होती. वरवरच्या बोअरनं वरवरचंच पाणी निघतं. साठ्याचा पूर्ण उपयोग करायचा तर खोल बोअर, मोठे पंप आणि नवी जोडणी लागते. हे काम टप्प्याटप्प्यानं व्हायचं होतं आणि सुकाळात त्याला निधीची घाई कुणालाच वाटली नाही. दुष्काळ आला तेव्हा तिजोरीत पाणी होतं, पण किल्ली अर्धीच घडवलेली होती.

समोरचे पर्याय

२०१५ च्या पावसाळ्यानंतर चर्चेत असलेले मार्ग साधारण असे होते.

ओकावांगोचं पाणी. उत्तरेकडून पाणी आणण्याची मोठी कल्पना जुनी आहे. तिचा एक तुकडा बांधूनही झालाय: ग्रूटफोंटेनपासून ओमाटाकोपर्यंतचा कालवा, १९८७ मधे पूर्ण झालेला, २६० किलोमीटरच्या आसपास लांबीचा. तो पुढे ओकावांगोला जोडायचा होता. १९९६-९७ मधे हा जोड घाईघाईनं करायचं ठरत होतं, तेव्हा खालच्या अंगाला असलेल्या बोत्सवानात चिंता उसळली, कारण त्या नदीवर ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश जगतो. मग पाऊस आला आणि योजना बासनात गेली. २०१५ पर्यंत परिस्थिती आणखी नाजूक झाली होती. २०१४ मधेच हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १००० वं स्थळ म्हणून दाखल झाला होता. शिवाय असा नळ टाकायला कित्येक वर्षं लागतात. पाणी हवं होतं महिन्यांत.

समुद्राचं पाणी. किनाऱ्यावर एका युरेनियम खाणीसाठी उभारलेलं क्षारमुक्तीकरण केंद्र २०१० पासून होतं. पण ते पाणी साडेसोळाशे मीटर चढवायचं म्हणजे खर्च आणि वीज, आणि पुन्हा वर्षानुवर्षांचं काम.

ग्रूटफोंटेनच्या त्या कालव्याजवळच्या बंद पडलेल्या खाणी. बर्ग आउकास आणि कोंबात इथल्या खाणींमधे भूजल साठलेलं होतं. ते उपसून कालव्यात सोडता येत होतं. हे लवकर होऊ शकत होतं, पण उघड्या कालव्यातून येताना वाटेत उन्हाचा वाटा द्यावा लागतो.

खोल बोअर. पैसा मिळाला तर वर्ष-दीड वर्षात.

आणि वापर कमी करणं. उद्यापासून.

निर्णयाचे तीन क्षण

इथली पद्धत अशी की एप्रिलअखेर, पावसाळा संपला की धरणांची पातळी वाचायची आणि पुढच्या दोन वर्षांचा हिशेब मांडायचा, तोही पुढचा पावसाळा कोरडा जाईल असं धरून. पद्धत शहाणपणाची आहे. पण हिशेबातून निघालेला आकडा आणि नागरिकांच्या नळाला लागणारा निर्बंध यांच्या मधे माणसं असतात. पाणी विकून नगरपालिकेला महसूल मिळतो, कपात केली की तो घटतो. उद्योग बोलतात. आणि 'जानेवारीत पाऊस येईलच' ही आशा प्रत्येक टेबलावर बसलेली असते. पहिला निर्णयक्षण हा: २०१५ च्या मध्यावर कडक कपात करायची, की एक पावसाळा बघायचा? शहरानं दुष्काळाच्या पायऱ्या ठरवणारा आराखडा केला होता आणि बचतीची आवाहनं सुरू झाली होती, पण खरी सक्ती आली ती २०१६ मधे. बागेला पाणी घालण्यावर आणि पाइप लावून गाड्या धुण्यावर निर्बंध आले, पोहण्याच्या तलावांवर आच्छादन घालायला सांगितलं गेलं, जास्त वापरावर चढे दर लागले. शीतपेय, बिअर आणि मांसप्रक्रिया या उद्योगांना वापर ३० टक्क्यांनी घटवायला सांगितलं गेलं. जून २०१६ मधे राष्ट्राध्यक्षांनी दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर केली.

दुसरा क्षण स्वाकोपपोर्टचा. तिथं पाणी होतं, मग ते फोन बाखला का आणेनात? कारण विंडहुक स्वतः स्वाकोपपोर्टच्या पाणलोटात येतं. शहराचे नाले, मैला वाहून नेणाऱ्या फुटक्या वाहिन्या, कारखान्यांचं पाणी, सगळ्यांचा उतार तिकडे. त्या खतावर निळं-हिरवं शेवाळ माजतं. साठा कमी होत जातो तसं ते आणखी दाट होतं, ऐन गरजेच्या वेळी पाणी सर्वात वाईट असतं. ते जास्त प्रमाणात फोन बाखमधे आणलं तर तिथलं शुद्धीकरण केंद्र अडचणीत येतं आणि चांगल्या पाण्यालाही वास लागतो. नाही आणलं तर ते तिथंच आटतं. प्रमाण सांभाळून, तपासण्या करत मिसळणं, एवढाच मार्ग होता. इकडे गोरेआंगाबला जगातलं सर्वात काळजीपूर्वक शुद्ध केलेलं सांडपाणी तयार होत होतं आणि त्याच शहराचं न आवरलेलं सांडपाणी त्याचंच सर्वात मोठं धरण नासवत होतं. या प्रकरणातली मला सर्वात बोचणारी गोष्ट हीच आहे.

तिसरा क्षण भूजलाचा. डिसेंबर २०१५ मधे केंद्र सरकारनं पाणीपुरवठ्याच्या सुरक्षेसाठी मंत्रिमंडळाची समिती नेमली. त्यानंतर पैसा मोकळा झाला आणि रखडलेल्या खोल बोअरची कामं तातडीनं हाती घेतली गेली. प्रश्न उरला तो वेगाचा. भूजल जोरात उपसलं तर फोन बाखमधला तळाचा साठा टिकवता येतो, पण एकदा पातळी खोल गेली की ती निसर्ग भरून देत नाही, पुढच्या सुकाळात माणसानंच भरायची. ठरलं ते असं: गोरेआंगाब पूर्ण क्षमतेनं, बोअर जास्तीत जास्त, आणि फोन बाखवर कमीत कमी भार. एरवी जे राखीव असतं ते आधी वापरायचं आणि धरण शेवटच्या आधारासाठी ठेवायचं. मला हा निर्णय धाडसी आणि बरोबर वाटतो. फोन बाखचं शुद्धीकरण केंद्र आणि पंप बंद पडण्याइतकी पातळी घसरली असती, तर शहराचा सर्वात मोठा नळच तुटला असता.

निष्पत्ती

नळ कोरडे पडले नाहीत. शहराचा एकूण वापर चांगलाच खाली आला, पुनर्वापराचं केंद्र अखंड चाललं, आणि २०१७ च्या सुरुवातीच्या पावसानं धरणांत आवक झाली. तुडुंब वगैरे काही नाही, पण श्वास घेण्यापुरती.

किंमत सर्वांनी सारखी मोजली का? नाही. शहराच्या उत्तर आणि पश्चिम कडेला, कतुतुरा या उपनगराच्या पलीकडे पत्र्याच्या घरांच्या वस्त्या पसरल्यात. तिथं घरात नळ नाही. सार्वजनिक नळावर जायचं, आधी पैसे भरून घेतलेलं टोकन लावायचं, तेवढंच पाणी पडतं, आणि प्लास्टिकचा कॅन डोक्यावर किंवा हातगाड्यावर घेऊन चढ चढायचा. या माणसांनी बचत करायची कशातून? बागेचं पाणी बंद करा, ही सूचना त्यांच्यासाठी नव्हतीच. एकूण टक्केवारीत मोजलेल्या बचतीत ही माणसं दिसत नाहीत. ती वर्षभर, सुकाळातही, दुष्काळाच्याच मापानं जगत असतात.

आणखी एक बाजू शहराबाहेरची. वरच्या अंगाला धरणं झाल्यापासून स्वाकोपच्या खालच्या वाळूत मुरणारं पाणी कमी झालं. किनाऱ्याकडच्या नदीकाठच्या छोट्या शेतकऱ्यांच्या विहिरी त्यावर अवलंबून होत्या. त्यांचा भाग हिशेबाच्या कागदावर क्वचितच येतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट खोल बोअरची. २०११ नंतर धरणं भरलेली असताना, भूजलाचा साठाही वर आलेला असताना, उपशाची यंत्रणा पूर्ण करायला हवी होती. तीच कामं आणीबाणीत केली की महाग पडतात, आणि यंत्रणा तयार होईपर्यंत धरणावरचा भार कमी करता येत नाही. याला उत्तर म्हणून मला एकच उपाय दिसतो: पाण्याच्या दरातला ठरावीक हिस्सा फक्त भूजल भरणा आणि बोअरसाठी बांधून ठेवायचा, जो सुकाळात दुसरीकडे वळवता येणार नाही. सुकाळात भरणा करणं म्हणजे विकता येईल असं शुद्ध पाणी जमिनीत ओतणं. कोणत्याही लेखापालाला ते नुकसानच दिसणार. म्हणून हा निर्णय दर वर्षीच्या चर्चेवर सोडूच नये.

दुसरी गोष्ट कपातीच्या वेळेची. एप्रिलअखेरचा हिशेब तयार असतो, तर कपातीच्या पायऱ्या त्या आकड्याला आपोआप जोडलेल्या हव्या होत्या. साठा अमुक रेषेखाली आला की अमुक निर्बंध, ठरावाची वाट न बघता. २०१५ मधे सहा महिने आधी सुरू झालेली हलकी कपात २०१६ मधली टोकाची कपात टाळू शकली असती असं मला वाटतं. यावर एक रास्त आक्षेप आहे: पाऊस चांगला झाला तर विनाकारण उद्योग बसवले म्हणून लोक बोल लावतील आणि पुढच्या वेळी ऐकणार नाहीत. खरंय. पण दोन वर्षांचा हिशेब कोरडा पावसाळा धरून मांडायचा आणि निर्णय मात्र ओला पावसाळा धरून घ्यायचा, हे दोन्ही एका संस्थेत एकत्र चालत नाही.

तिसरी, स्वाकोपपोर्टचा पाणलोट. शेवाळ माजल्यावर शुद्धीकरणावर खर्च करण्यापेक्षा शहरातल्या गळक्या मैला वाहिन्या आणि प्रक्रिया केंद्रांवरचा अतिभार सुधारला असता, तर दुष्काळात ६३ दलघमीच्या धरणातलं उरलेलं पाणी बिनघोर वापरता आलं असतं. हे काम धरणखात्याचं नाही, नगरपालिकेचं आहे, आणि फायदा दुसऱ्या संस्थेच्या धरणाला होतो. म्हणूनच ते मागे पडतं. गोरेआंगाबच्या जुन्या धरणाचं हेच झालं होतं. वरच्या बाजूला वस्ती वाढली, पाणी इतकं खराब झालं की पिण्यासाठी ते सोडून द्यावं लागलं. उदाहरण शहराच्या हद्दीतच होतं.

वस्त्यांसाठी काय? तिथं कपात शून्य ठेवून उलट नळ वाढवायला हवे होते. मोठ्या वापरकर्त्यांवरच्या चढ्या दरातून तो पैसा निघाला असता.

त्यानंतर

मे २०१९ मधे पुन्हा आणीबाणी जाहीर झाली. मे २०२४ मधे पुन्हा. २०१३ पासून धरले तर अकरा वर्षांत चार वेळा. मधे २०२१ सारखा चांगला पावसाळाही येऊन गेला. म्हणजे दोन दुष्काळांमधली जी दोन-तीन वर्षं आहेत तेवढ्यातच बोअरमधून पाणी खाली सोडायचंय, आणि ते सोडताना धरणात दिसणारी पातळी मुद्दाम कमी करायचीय. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात फोन बाखच्या मनोऱ्यावरची पट्टी वाचली जाते, तेव्हा साठा किती हे तर कळतंच. त्या कागदावर आणखी एक रकाना हवा: या वर्षी जमिनीत किती सोडलं.